गुळगुळीत मान

५ मार्च

प्रिय उचापती,

तू गेलीस, तुझं रबर मात्र इथेच आहे. बेसिनच्या नळाला, स्वयंपाकघरातल्या स्टुलाला, माझ्या मानेवरच्या केसांना. तुझे भावजी म्हणतात, लोकांच्या मेहुण्या शिलाई मशीन उसनं नेतात, माझी मेहुणी बायकोची मान घेऊन गेली. मी म्हटलं, शाळेत असताना तिने माझं घड्याळ 'फक्त बघते' म्हणून उघडलं होतं ते अजून बंद आहे, तेव्हा मान जागेवर राहिली हेच नशीब समजा. मावसबहीण म्हणून सोडून देते तुला.

पण किती गार होतं गं ते. हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत ओला चिखल थापल्यासारखं. आणि वर तुझे हुकूम: बोलू नको, हसू नको, गिळू नको. मला गप्प बसवायचा प्रयत्न आजवर पुष्कळांनी केला, रबर ओतायची अक्कल तुलाच सुचली.

पत्र लिहिते आहे कारण दिवसभर बसस्थानकाच्या माइकवर बोलून घसा बसलाय. हल्ली लवकर बसतो. वय म्हणायचं, दुसरं काय. परवा 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' मधला 'लक्ष' घशातच राहिला आणि खाली चार लोकांनी वर बघितलं. साहेबांनीही बघितलं. त्यांना तेवढंच निमित्त हवं असतं. यंत्रावर घोषणा सुरू करायचा कागद त्यांच्या टेबलावर कधीचा पडून आहे.

ते राहू दे. मला विचारायचंय ते एवढंच, की साचा कसा निघाला? मान सगळीकडून नीट आली का? कुठे काही वेडंवाकडं दिसलं तर मोकळेपणाने लिही. मला काही वाटणार नाही.

तुझी,
ताई

१४ मार्च

ताई,

वेडंवाकडं काय असणार? साचा उत्तम निघालाय. आत प्लास्टर ओतलं, दुसऱ्या दिवशी रबर सोललं, आणि तू माझ्या टेबलावर हजर. डोकं नाही, तरी रागावलेली दिसतेस. इकडेतिकडे हवेचे बुडबुडे राहिले होते, ते नेहमीचंच असतं, चाकूने खरवडले आणि वर पॉलिश पेपर मारला. आता तुझी मान अशी सरळ आणि गुळगुळीत आहे की अठरा वर्षांच्या पोरीने हेवा करावा.

मी तिकडे आले होते तेव्हा कामाबद्दल काही नीट सांगितलंच नाही, सारखी घड्याळ बघत होते. तर ऐक. गळ्यात घालायचं आहे, पण हार नाही. श्वासनलिकेच्या कड्या असतात ना, तशा चांदीच्या कड्या एकाखाली एक. वर स्वरयंत्राची ढाल. आणि तिच्या खाली थायरॉइडची ग्रंथी, तिचा आकार फुलपाखरासारखा असतो, ती लाल मीनाकामात. आत जे जिथे आहे ते बाहेर बरोब्बर तिथेच बसलं पाहिजे, त्यासाठी खरी मान हवी होती. आणि मी जन्मात ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज तुझ्या मानेतून येतो.

कानाच्या आतल्या शंखाचे कानातले केले, मणक्यांची बांगडी केली, फुप्फुसाच्या फांद्यांचा ब्रोच केला. गॅलरीवाली बाई आता फोनवर नमस्कारसुद्धा म्हणत नाही, एकदम 'पुढचा अवयव कुठवर आला?' विचारते. जूनच्या शेवटी प्रदर्शन आहे. मला झोप नीट येत नाही, बसवत नाही, उभं राहवत नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं फुलपाखराचं चित्र मोठं करून समोर टांगलंय. दोन्ही पंख अगदी सारखे आहेत, ते बघत बघत चहा गार होतो.

घशाला गरम पाणी घे. साहेबांना म्हणावं, यंत्राला उशिरा आलेल्या गाडीबद्दल दिलगिरी वाटत नाही, ताईला वाटते.

तुझी,
उचापती

२७ मार्च

प्रिय उचापती,

तुझं पत्र आलं आणि मी ते ऑफिसच्या जिन्यातच उघडलं. मग जेवताना वाचलं. मग तुझ्या भावजींना वाचून दाखवलं, आणि 'अठरा वर्षांच्या पोरीने' हे वाक्य त्यांना मुद्दाम परत ऐकवलं. ते म्हणाले, ती मान तिच्या टेबलावर आहे, घरी आहे ती वेगळी.

किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. मंगळवारी मला एका ठिकाणी जायचं होतं, उगाचच, ते रद्द करून टाकलं. त्याऐवजी दोघं नाटकाला गेलो. कित्येक महिन्यांत मी एवढी हसले नव्हते.

घसा अधूनमधून कुरकुरतो. धूळ फार आहे स्थानकावर. मी खडीसाखर तोंडात ठेवते आणि बोलते. साहेबांनी परवा सगळ्यांदेखत विचारलं, 'बाई, बरं नसेल तर रजा घ्या ना.' रजा घेतली की परत आल्यावर माझ्या खुर्चीत घोषणायंत्राची पेटी बसलेली असेल, हे न कळायला मी काय दूधपिती आहे? मी माइक चालू करून मोठ्याने घोषणा केली. त्यांची सही वाकडी झाली.

तू मात्र जेवत जा. आणि त्या बाईला म्हणावं, पुढचा अवयव डोकं, तुझंच.

ताई

२० एप्रिल

ताई,

झालं. म्हणजे नव्वद टक्के झालं. सोबतच्या खोक्यात आहे, घाबरू नकोस, कापसात गुंडाळलंय. मला स्वतःला यायचं होतं पण मीनाकामाची भट्टी दोनदा रुसली, एक पंख तडकला, परत केला, आणि आता बाकीच्या अकरा वस्तू माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत.

टेबलावरच्या तुझ्या मानेवर ते इतकं चोख बसतं की कागदाची घडी मधे जात नाही. पण प्लास्टर श्वास घेत नाही. तेव्हा एक दिवस घाल, माइकवर बोलून बघ, पाणी पी, मागे वळून बघ, आणि कसं वाटतं ते लिही. एक फोटोही काढून पाठव, समोरून, केस वर बांधून. गॅलरीवालीला पुस्तिकेत छापायला तुझ्या गळ्यातलाच फोटो हवाय. मी तिला सांगितलंय की ती खरोखर बोलणारी मान आहे.

सगळं ठीक जाईल ना गं? मला सारखं वाटतंय, कुठेतरी काहीतरी राहिलंय. प्रत्येक प्रदर्शनाआधी वाटतं, तेच असणार.

उचापती

२ मे

प्रिय उचापती,

सुंदर आहे. खोटं नाही सांगत. तुझ्या भावजींनी ते उलटसुलट करून बघितलं, मग म्हणाले, 'आत हे असं असतं होय आपल्या?' मला वाटलं होतं किळस येईल. उलट ऊर भरून आला.

पण टोचतं. उजव्या बाजूला, लाल पंखाची कड आहे तिथे. गिळताना जास्त. अर्धा तास घातलं आणि काढून ठेवलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसलं नाही, वजन काही वाटत नाही. एकाच जागी रुततं. माझीच मान सुजली असेल, हल्ली बसून बसून सगळीकडूनच भरलेय मी.

फोटो काढला नाही. केस नीट नव्हते. शिवाय मी सध्या गळ्याला स्कार्फ बांधते, माइकच्या खोलीत पंख्याचा वारा थेट लागतो. बघू, पुढच्या आठवड्यात.

तू काळजी करू नकोस. थोडी कड घासलीस की होईल.

ताई

९ मे

ताई,

घासू? कशी घासू? मीनाकाम आहे ते, काचेसारखं असतं, घासलं की गेलं. आणि का घासू? प्लास्टरवर मी आजच परत बसवून बघितलं आरशासमोर, माझ्याकडच्या तांब्याच्या नमुन्याने, एका केसाचाही फरक नाही. प्लास्टर तुझ्या मानेचंच आहे ना, मग तुझी मान तुझ्या मानेसारखी का नाही? वजन वाढलं तर दोन्हीकडून वाढतं, फक्त उजवीकडून नाही. तू वाकडी बसत असणार त्या माइकपुढे, कायम एका कुशीवर.

फोटो नाही, स्कार्फ आहे, मेमध्ये वारा लागतो. ताई, तुला जर ते घालायची लाज वाटत असेल तर तसं सरळ सांग. पुष्कळ लोकांना वाटते. एका बाईंनी मणक्यांची बांगडी काढून टिश्यूने हात पुसले होते माझ्यासमोर. मी मेले नाही.

खोकं परत पाठव. मीच बघते.

उचापती

१६ मे

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. फोन केला तर भावजी म्हणाले तू कामावर आहेस, आणि संध्याकाळी म्हणाले तू झोपलीस. त्यांच्यापाशी बोलायचं धाडस झालं नाही.

खोकं आलं. मी कपाटातून तुझा मूळ रबराचा साचा काढला, की नवीन प्लास्टर ओतून बघू. ओतायच्या आधी दिवा घेऊन आत बघितलं. उजव्या बाजूला एक खळगा आहे. पसरट. बोट बसेल एवढा.

ताई, साच्यात हवा अडकली की तिथे खळगा राहतो, आणि प्लास्टर ओतलं की त्या जागी टेंगूळ येतं. ते टेंगूळ बुडबुडा म्हणून आम्ही खरवडतो. सगळेच खरवडतात, मी शेकडो वेळा खरवडलंय. पण बुडबुड्याचा खळगा आतून काचेसारखा गुळगुळीत असतो, तिथे त्वचा लागलेलीच नसते. या खळग्यात तुझ्या त्वचेच्या रेषा आहेत. बारीक, सलग, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ती हवा नव्हती. ती तू होतीस. मी टेंगूळ बघितलं, भिंतीवरच्या चित्रातले दोन सारखे पंख बघितले, आणि चाकू उचलला.

नवीन प्लास्टरवर ते आहे. आता माझ्यासमोर आहे. दागिना त्याच्यावरच टोचतो.

तू डॉक्टरांकडे जा. उद्याच जा. थायरॉइडच्या गाठी पुष्कळांना असतात, पुष्कळ निरुपद्रवी असतात, पण बसलेला आवाज आणि गाठ एकत्र असली तर थांबायचं नसतं, हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलंय. मी ते पान उलटलंच नव्हतं. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, म्हणून हे मी सांगते आहे. माझ्यावर नंतर ओरड. आधी जा.

उचापती

२३ मे

उचापती,

सोनार म्हणे. सोनाराने कान टोचायच्या आधी कान कुठे आहे ते बघायचं असतं.

गाठ मला माहीत होती. थंडी होती तेव्हापासून माहीत होती. कॉलरचं बटण लावताना हाताला लागली, वाटाण्याएवढी. कोणाला सांगितलं नाही. घशाची गाठ म्हणजे चाकू, चाकू म्हणजे रजा, रजा म्हणजे खुर्चीत पेटी, आणि त्यातून आवाज गेला तर पेटीसुद्धा माझ्यापेक्षा बरी. आणि तेवढ्यात तुझा फोन आला, 'ताई, मान देतेस का?'

मी का हो म्हटलं असं वाटतं तुला? कलेसाठी? मला वाटलं, ही दिवसभर माणसांची शरीरं चाचपते, हिचे हात फसायचे नाहीत. माझ्या मानेवरून हात फिरवेल आणि थांबेल. मला काही सांगावं लागणार नाही. तू थापत गेलीस आणि थांबली नाहीस. तरी म्हटलं, साच्यात दिसेल. म्हणून विचारलं होतं, वेडंवाकडं दिसलं तर लिही.

तू लिहिलंस, सरळ आणि गुळगुळीत. मंगळवारची वेळ घेतली होती डॉक्टरांची. ती रद्द करून मी नाटकाला गेले. मूर्ख बाईसारखी हसत होते. बुडबुड्यांचं वाक्य मी वाचलं होतं, पण मला जे वाचायचं होतं तेच वाचलं. तेवढा दोष माझा. बाकीचा तुझा, आणि तो मी वाटून घेणार नाही.

आता ती वाटाण्याएवढी नाही. आणि आता मी जाणारही नाही. जे व्हायचं ते व्हायला लागलंच असेल, तर निदान बोलता येतंय तोवर बोलून घेते. तुझ्या भावजींना यातलं काही कळता कामा नये. एवढं तरी नीट कर.

ताई

२८ मे

ताई,

भावजींना सांगितलं. तुझं पत्र मिळाल्यावर तासाभरात. सगळं सांगितलं, गाठ, मंगळवार, नाटक, माझा चाकू. ते फोनवर रडले. मग त्यांनी विचारलं, 'माझ्याच शेजारी झोपते ती, मला कसं दिसलं नाही?' मला तर दिवा लावून, चष्मा लावून दिसलं नाही.

तू म्हणालीस एवढं तरी नीट कर. हेच नीट आहे असं मला वाटतं. तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी चालेल, म्हणजे चालणार नाही, पण मी तेवढ्यावर राहीन. न बोलता मरायचा तुझा बेत मला मंजूर नाही. बोलता येतंय तोवर बोलणार म्हणतेस, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापासूनच लपवतेस. इतकी वर्षं लोकांना वेळेवर गाडीत बसवलंस आणि स्वतः फलाटावर बसून राहणार?

गुरुवारी सकाळच्या बसने येते आहे. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. शेजारीपाजारी विचारतील, त्यांना कारण सांगेन.

उचापती

५ जुलै

ताई,

परवा पोचले. घरात शिरल्यावर पहिल्यांदा तुझ्या चिठ्ठ्या पिशवीतून काढून डब्यात ठेवल्या. 'उशी वर कर.' 'यांना जेवायला घाल.' 'नर्सला सांग सुई दुसऱ्या हाताला.' 'रडायचं तर बाहेर जाऊन रड.' ऑपरेशननंतर तू मला एवढंच लिहिलंस, एका शब्दानेही बाकीचं काही नाही, आणि मी ते तोंड उघडून विचारलं नाही.

प्रदर्शन झालं. तू ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी झोपली होतीस तेव्हा इथे लोक हातात ग्लास घेऊन फिरत होते. गळ्याचा दागिना मी ठेवू दिला नाही. गॅलरीवाली फार रागावली. पुस्तिकेत पान सोडलेलं होतं, ते कोरंच गेलं.

रिपोर्टबद्दल भावजींनी सांगितलं. पसरलेलं नाही, गोळ्या आयुष्यभर, तपासणी दर काही महिन्यांनी. आवाजाच्या शिरेबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही. गाठ त्या शिरेला चिकटली होती, एवढंच म्हणाले. ताई, मार्चमध्ये गेली असतीस तर ती शीर वाचली असती का? मला खरं सांग. मी सारखी तेच मोजत बसते, आणि हाताला दुसरं काही लागत नाही.

आणि एक विचारायचंय, भीत भीत. तुझी मान बरी झाली की मी परत साचा घेऊ का? या वेळी जशी आहे तशी. टाक्यांसकट.

उचापती

१९ जुलै

प्रिय उचापती,

नाही.

साचा नाही. माझी मान आता माझ्याकडेच राहील. तुला बरं वाटावं म्हणून टाके चांदीत घडवायचे असतील तर दुसरी कुणी बघ. मी रागाने लिहीत नाही, विचार करून लिहिते.

शिरेचं मी डॉक्टरांना कागदावर लिहून विचारलं होतं, तुझा प्रश्नच. मार्चमध्ये आले असते तर? ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी वेळ घेतला. मग म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वाचली असती, कदाचित तेव्हाच चिकटलेली असेल. मी त्या उत्तरावर फार चिडले होते. आता वाटतं, त्यांनी नीट उत्तर दिलं असतं तर एक तर मी तुला सोडून दिलं असतं किंवा तू स्वतःला. आता दोघींना या 'सांगता येत नाही'मध्येच राहायचंय, शेजारी शेजारी. मला तुझा राग आहे. सकाळी उठले की असतो, दुपारी थोडा उतरतो. तू जिन्यात बसून राहिली नसतीस तर मी गेले नसते, हेही रोज सकाळी त्याच्याबरोबरच आठवतं. त्यामुळे काय करावं ते कळत नाही.

स्थानकावर गेले होते. पेटी बसली आहे. बाई छान बोलते पेटीतली, कुठेच अडखळत नाही. कुठलीशी गाडी अर्धा तास उशिरा आली तेव्हा तिने ती वेळेवर आल्याचं जाहीर केलं. मला चौकशीच्या खिडकीवर बसवणार म्हणतात, आवाज जेवढा येईल तेवढ्यावर.

तो येतो थोडासा. दळणाच्या जात्यासारखा. आवाजाच्या बाई आहेत इथे, त्यांनी रोज अर्धा तास मोठ्याने बोलायला सांगितलंय, आणि कुणाशी तरी, भिंतीशी नाही. इथेच सगळं अडतं. तुझे भावजी फार प्रेमळ आहेत. मी 'पा' म्हटलं की ते पाणी आणून देतात. मी अडखळले की शब्द पुरवतात, खाकरले की पाठ चोळतात. माझं एकही वाक्य शेवटपर्यंत जात नाही. शेजारीण तर माझ्यापेक्षा हळू बोलते, सहानुभूतीने.

म्हणून तुला सांगते. रविवारपासून रोज सकाळी मी तुला फोन करणार. अर्धा तास बोलणार. त्यात आवाज फाटेल, मधेच बंद पडेल, काही वेळा नुसती हवा येईल. तू मधे शब्द सुचवायचा नाही. 'कळलं' म्हणायचं नाही. रडायचं नाही, आणि छान येतोय हं आवाज, असलं तर मुळीच बोलायचं नाही. मी वाक्य पूर्ण करेपर्यंत गप्प ऐकायचं, जसं येईल तसं.

तुला हे जमणार नाही याची मला खात्री आहे. तरी तुलाच करते आहे.

पहिल्या दिवशी वेळ लागेल. चहा घेऊन बस.

ताई